हवेची टाकी

गोदाकाठच्या आमच्या गावात उन्हाळा लागला की नदी एका कडेला सरकायची आणि अर्धा किलोमीटर नुसती वाळू उघडी पडायची. त्या वाळूत टरबूज-खरबुजांच्या वाड्या लागायच्या. माल सोन्यासारखा, पण बाहेर काढायचा कसा? बैलगाडी रुतायची, टेम्पोवाला तर काठावरूनच माघारी फिरायचा. बायाबापड्या डोक्यावर पाट्या घेऊन, तापल्या वाळूतनं माल काठावर आणायच्या. तिथं व्यापारी बसलेला. आणलेला माल ही माणसं परत नेत नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक. तो म्हणेल तो भाव.

माझ्या वडिलांकडे, अण्णांकडे, जुनी डिझेल जीप होती, चारी चाकं ओढणारी. पण टायर टणक भरलेले असले की वाळूत तीही बसायची. टायरमधली हवा ३० पौंडांवरून १५ वर आणली की टायर पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि गाडी वाळूवरून निघते. वाडीवाले म्हणायचे, "अण्णा, सोडा की थोडी हवा."

"सोडायला काय लागतं?" अण्णा म्हणायचे. "परत भरून कोण देणार?"

खरंच होतं. तशाच हवेवर डांबरी रस्त्याला लागलं की टायर तापून कडेनं फुटतो. नाहीतर रिंगवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल तुटतो. पंक्चरचं दुकान ११ किलोमीटरवर. पायपंपानं चार चाकं भरता भरता पिंढऱ्या भरून यायच्या. खेपेखेपेला ते कोण करणार?

तोड काढली तालुक्याच्या मिस्त्रीनं. भंगारातल्या कारच्या एसीचा कॉम्प्रेसर त्यानं लोखंडी अँगल वेल्डिंग करून इंजिनाशेजारी बसवला, पट्टा इंजिनाच्या पुलीवर चढवला आणि बटण स्टेअरिंगपाशी आणलं. ट्रकच्या ब्रेकची जुनी टाकी मागच्या सीटखाली गेली. कॉम्प्रेसरमधनं निघणारी हवा हात भाजेल इतकी तापते, म्हणून आधी तांब्याच्या नळीचं वेटोळं आणि मग रबरी पाइप.

"एसीत गॅसबरोबर तेल फिरतं," मिस्त्री सांगत होता. "नुसती हवा ओढली तर ह्यो कोरडा पडून जाम हुईल." म्हणून हवा आत जाते तिथं थेंब थेंब तेल सोडणारी बाटली आणि वाळूची धूळ अडवायला फिल्टर लावला. टाकीच्या अलीकडं तेल अडवणारी दुसरी बाटली, कारण तेलानं ट्यूबचं रबर खराब होतं. १०० पौंडांला कॉम्प्रेसर आपोआप बंद व्हावा म्हणून स्विच. तो अडकलाच तर १२५ ला सुटणारा सेफ्टी व्हॉल. त्यावर बोट ठेवून मिस्त्री म्हणाला, "अण्णा, ह्याला कवा बूच मारू न्हका. टाकी फुटली तर बाँब हाय."

साबणाचा फेस लावून सांधे तपासायचं काम माझ्याकडं होतं. रोज संध्याकाळी टाकीच्या बुडाची तोटी उघडायची. फस्स करून ताकासारखं पांढरट पाणी पडायचं. दाबलेल्या हवेतली ओल तळाशी जमते. तशीच राहिली तर टाकी आतनं गंजते.

पहिल्या दिवशी अण्णांनी काठावर हवा सोडली, वाडीत गेले आणि जीप खच्चून भरून आणली. वर आल्यावर एकेक चाक भरायला घेतलं. दहा-बारा मिनिटांचं काम. तेवढ्यात व्यापारी जवळ आला, पाइपाकडं बघत उभा राहिला आणि सवयीनं नेहमीचा भाव बोलला.

मागं टरबुजांवर बसलेली वाडीवाली म्हातारी खाली उतरलीसुद्धा नाही. म्हणाली, "आम्ही मोंढ्यावर चाललोय बाबा. तिथला भाव देत असशील तर बोल."

व्यापारी अण्णांकडं बघायला लागला. अण्णा चौथ्या चाकाशी वाकले होते. मान वर न करता म्हणाले, "माल त्यांचा हाय. मी नुसती हवा भरतोय."