उंबराची हजेरी

मुलांनो, तुमच्यापैकी कितीजण वाईला आले आहेत? आला असाल, तर काय काय पाहिलंत ते मी न विचारताच सांगते. कृष्णेच्या घाटावरचा ढोल्या गणपती पाहिला असेल. मेणवलीला जाऊन नाना फडणविसांचा वाडा, चंद्रकोरीसारखा घाट आणि वसईहून आणलेली ती भलीमोठी घंटा पाहिली असेल. आणि बाबांनी लगेच सांगितलं असेल, "अरे, २००४ साली आलेल्या 'स्वदेस' सिनेमात हाच घाट आहे!" मग पसरणीचा घाट चढून तुमची गाडी पाचगणीला गेली असेल. बरोबर ना?

पण मुलांनो, एक जागा तुमच्याकडून नक्की राहिली असणार. ती आहे कृष्णेला मिळणारा एक लहानसा ओढा आणि त्याच्या काठावरचा एक उंबर. तिथे पाटी नाही, तिकीट नाही, भेळेची गाडी नाही. आमच्या शाळेपासून चालत दहा मिनिटांवर ही जागा आहे. मात्र ती नीट बघायला एक अख्खं वर्ष लागतं! चला, आज मी तुम्हाला तिथे नेते.

आधी माझी एक फजिती सांगायला हवी. मी या वाडीवरच्या शाळेत नवीनच रुजू झाले होते. जून महिना होता. पुस्तकात पावसाचा पाठ होता आणि बाहेरही पाऊस आला. वह्या भिजतील म्हणून मी खिडक्या लावून घेतल्या आणि मोठ्या आवाजात पाठ वाचू लागले. तेवढ्यात चौथीतला एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, "बाई, पाऊस भाईर हाय, मग आपण आत काय शिकतोय?"

सगळा वर्ग हसला. मी रागावणार होते, पण मलाच हसू आलं. खरंच की! पाऊस ओसरला तशी मी मुलांना घेऊन ओढ्यावर गेले. त्या दिवशी उंबराखाली उभं राहून आम्ही ठरवलं, आपली हजेरी रोज होते, आता या उंबराचीही हजेरी घ्यायची. महिन्यातून दोनदा यायचं. पानं कशी आहेत, फुलं आहेत का, फळं किती, कोण कोण पाहुणे आले, सगळं एका वहीत लिहायचं. वहीवर मुलांनी नाव घातलं, 'उंबराची हजेरी'.

पहिल्याच पानावर पहिला पाहुणा लागला, तो मृगाचा किडा! लाल मखमलीचा जणू एखादा मणीच. पहिल्या पावसानंतर तो मातीतून वर येतो. मुलांनी त्याचे पाय मोजले. किती भरले, माहीत आहे? आठ! म्हणजे नाव किड्याचं असलं, तरी तो कोळ्याच्या नात्यातला. किड्याला पाय सहाच असतात ना! दुसरा पाहुणा दिसला नाही, नुसता ऐकू आला. "पेरते व्हा, पेरते व्हा" म्हणणारा पावशा. हा पक्षी मोठा आळशी बरं का! स्वतः घरटं बांधत नाही. आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो आणि पिल्लं सांभाळायचं काम बिचाऱ्या सातभाईंवर टाकतो.

आषाढात ओढ्याला लाल पाणी येतं. तेव्हा आमचा एक नियम असतो. पाणी गढूळ असेल, तर काठापासून लांब. वर डोंगरात किती पाऊस पडला, ते आपल्याला खालून कळत नाही. पण काठावर खेळ का कमी असतात? ओल्या रानात लोखंडी सळई फेकून रोवत रोवत जायचं. चिकणमातीचे बैल करून बेंदराला त्यांची मिरवणूक काढायची. शेतातल्या पाटात कागदाच्या होड्या सोडायच्या. श्रावणात नागपंचमीला उंबराच्या जाड फांदीला झोका बांधला, तेव्हा मी पण बसले. मुलींनी असा झोका दिला की, बाईंची किंकाळी पार शाळेपर्यंत गेली म्हणे!

भाद्रपदात काठावर तेरडा फुलतो. त्याच्या पिकल्या शेंगेला नुसतं बोट लावा, फट्कन फुटते आणि बिया उडतात. आमच्या पहिलीच्या मुलांचा एक तास त्यातच गेला. मी घड्याळाकडे पाहिलंच नाही.

आता गंमत ऐका. वहीत एक रकाना होता 'फुलं'. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, प्रत्येक वेळी तिथे मुलं लिहायची, 'नाहीत'. फळं मात्र खोडाला लगडलेली! एका मुलीनं विचारलं, "बाई, फूल न येता फळ कसं आलं?"

बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या माणसाला आपण म्हणतो ना, "काय हो, तुम्ही तर अगदी उंबराचं फूल झालात!" म्हणजे दिसतच नाही तुम्ही. मग आम्ही ते फूल शोधायचं ठरवलं. खाली पडलेलं एक कच्चं फळ घेतलं आणि पट्टीच्या कडेनं मधोमध कापलं. आत पाहतो तो काय, भिंतीला चिकटून शेकडो बारीक बारीक फुलं! म्हणजे उंबराचं फूल दुर्मीळ नाहीच मुळी. ते घराच्या आत बसलेलं असतं. फळाच्या टोकाला एक बारीक छिद्र असतं. त्यातून चिलटाएवढी एक माशी आत शिरते. ती परागकण आणते आणि आतच अंडी घालते. ही माशी नसेल, तर उंबराचं बी धरणार नाही आणि उंबर नसेल, तर माशीला घर नाही. उंबर फोडल्यावर त्यात किडे का दिसतात, ते आता कळलं ना? त्या दिवशी 'नाहीत' हे सगळे शब्द खोडून मुलांनी ठळक अक्षरांत लिहिलं, 'आहेत. आत आहेत.'

दिवाळीच्या सुट्टीत ओढ्याची माती घरोघर गेली. कशाला, ते तुम्हाला सांगायला हवं का? किल्ल्याला! दगड रचायचे, चिखल लिंपायचा, वर मोहरी पेरायची. चार दिवसांत डोंगर हिरवा! एकानं तर किल्ल्याच्या पायथ्याशी आपला ओढा केला होता आणि काडीचा उंबरही लावला होता.

थंडी पडू लागली आणि वहीत नवी नावं आली. शेपटी वरखाली हलवत काठावर तुरुतुरु पळणारा धोबी पक्षी आला. तो उत्तरेकडून, हिमालयाकडून इतक्या लांब उडत येतो. पिकलेल्या उंबरांवर हिरव्या कबुतरांचा थवा उतरला. त्यांचे पाय पिवळेधमक असतात. हा आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी, हरियाल. पण पानांत असा मिसळतो की, आधी उंबराची फळं टपटप पडतात आणि मग पक्षी दिसतो. विहिरीवरच्या बाभळीखाली सुगरणीचं एक रिकामं घरटं पडलेलं मिळालं. तुम्हाला ठाऊक आहे? नाव सुगरणीचं, पण घरटं विणतो नर! मादीला पसंत पडलं नाही, तर अर्धं विणलेलं घरटं सोडून बिचारा दुसरं विणायला घेतो.

पीक निघालेल्या रानात विटीदांडू रंगायचा. उंबरावर चढून सूरपारंब्या. ज्याच्यावर राज्य, तो लांब फेकलेली काठी आणेपर्यंत बाकीचे वर!

आणि मग माघात ती गोष्ट झाली. ऊसतोड चालू होती. ज्यांच्या बांधावर तो उंबर आहे, ते तात्या आम्हाला बघून थांबले. म्हणाले, "बाई, पोरांस्नी काय खेळायचं ते औंदा खेळून घेऊ द्या. सावलीनं माझ्या दोन सऱ्या पिवळ्या पडत्यात. ऊस गेला की झाड पाडणार."

मुलं एकदम गप्प झाली. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी काय बोलणार? शेत त्यांचं, कष्ट त्यांचे. उसाच्या पैशावर त्यांचं घर चालतं. झाड पाडू नका, असं म्हणणं मला सोपं होतं. दोन सऱ्यांचं नुकसान मी थोडीच भरून देणार होते?

शाळेत आल्यावर मी मुलांना तसंच सांगितलं. कोणी काही बोललं नाही. पण संध्याकाळी तीच फुलाबद्दल विचारणारी मुलगी हजेरीची वही घेऊन तात्यांच्या घरी गेली. "तात्या, हे वाचा," म्हणाली आणि वही ओट्यावर ठेवून पळत आली! दोन दिवसांनी तात्यांनी वही परत पाठवली. निरोप काहीच नाही.

चैत्र गेला. ओढा आटला. शाळेला सुट्टी लागली, तरी मुलं हजेरीला येतच होती, वळीव कधी पडतो याची वाट बघत. एका दुपारी मुलांनी उंबराजवळच्या कोरड्या वाळूत हातानं खड्डा खणायला घेतला. हातभर खणल्यावर वाळू ओली लागली. आणखी थोडं खणलं आणि हळूहळू पाणी झिरपू लागलं! जाणती माणसं म्हणतात, उंबर असतो तिथे जमिनीत पाणी जवळ असतं. वराहमिहिरानं सहाव्या शतकातल्या 'बृहत्संहिते'त झाडांवरून पाणी ओळखायच्या खुणा लिहून ठेवल्या आहेत. आमच्या मुलांनी ती खूण स्वतःच्या हातांनी पाहिली. आम्ही लांब जाऊन बसलो. थोड्या वेळानं एक बुलबुल आला, मग मैना, मग चार सातभाई. सगळे त्या झिऱ्यावर पाणी प्यायले.

मागे वळून बघते तर तात्या उभे! ते कधीपासून बघत होते, कोण जाणे. म्हणाले, "माझा आजाबी हितंच झिरा काढायचा." एवढंच बोलले आणि गेले.

जूनमध्ये शाळा उघडली. मुलं माझ्या आधीच ओढ्यावर पळाली. शेताच्या बाजूच्या दोन मोठ्या फांद्या तोडलेल्या होत्या. त्यातली एक आमच्या झोक्याची. पण झाड उभं होतं! तात्या बांधावरूनच ओरडले, "औंदा राहू द्या. म्होरचं म्होरं बघू!"

पुढच्या वर्षी काय होईल, मला माहीत नाही. मुलांनी मात्र नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं, 'उंबर हजर. दोन फांद्या गैरहजर.'

मुलांनो, तुमच्याकडे ओढा नसेल. पण झाड तर असेल ना? रस्त्याकडेचा गुलमोहर, शाळेच्या अंगणातला पिंपळ, इमारतीमागचा बदाम, कोणतंही चालेल. एक वही घ्या. महिन्यातून दोनदा जा. तारीख, पानं, फुलं, फळं आणि पाहुणे एवढे पाच रकाने पुरेत. बिळात हात घालू नका, घरट्याला हात लावू नका आणि खाली पडलेलं असेल तेवढंच उचला. मग तिथेच खेळा.

आणि पालकहो, एक विनंती तुम्हालाही. कपडे मळतील, गुडघे फुटतील, मान्य आहे. पण सहलीला जाऊन वर्षातून एकदा निसर्ग दाखवण्यापेक्षा घराजवळचं एकच झाड वर्षभर दाखवा. मोबाइल घरी ठेवून मुलांच्या बरोबर तुम्हीही जा. मुलानं काही विचारलं आणि उत्तर आलं नाही, तर लाजू नका. मलाही त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर आधी कुठे येत होतं? आम्ही दोघींनी मिळून फळ कापलं, तेव्हा कळलं.

मग काय मुलांनो, तुमच्या झाडाची हजेरी कधी घेताय? उद्या रविवार असेल, तर उद्याच घ्या!