खलनायकाचे क्रियापद



रात्रीची जेवणे आणि दूरचित्रवाणीवरील मालिका यांची वेळ मराठी घरांत साधारण एकच असते. तुमच्यापैकी अनेकांना अभ्यासासाठीही नेमकी तीच वेळ मिळते. दिवसभराची नोकरी, शेती किंवा संसार आटोपून तुम्ही पुस्तक उघडता, तेव्हा शेजारच्या खोलीतून एखाद्या खलनायकाचा आवाज येत असतो आणि लक्ष नकळत तिकडे जाते. आज ते लक्ष मागे न ओढता त्या आवाजाचाच अभ्यास करू. प्रश्न असा आहे : ज्याचा पराभव व्हावा असे आपल्याला मनापासून वाटते, त्याच्याच प्रवेशाची आपण वाट का पाहतो?

हे आकर्षण मालिकांबरोबर जन्मलेले नाही. धनंजयाच्या ‘दशरूपका’त प्रतिनायकाची लक्षणे दिली आहेत. तो लोभी, उद्धत, हट्टी, पापी आणि व्यसनी असतो. मात्र त्याच्याविना नायकाचे नायकत्व सिद्ध होत नाही. 1987-88 मध्ये दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू असताना अरविंद त्रिवेदी यांचा रावण घरोघरी पोहोचला. रामापुढे हात जोडणारे प्रेक्षकही रावणाच्या दरबाराचे दृश्य चुकवीत नसत. अभिनय चांगला असतो, वाईटाविषयी कुतूहल असते, अशी उत्तरे यावर दिली जातात. ती खोटी नाहीत. पण अपुरी आहेत. कारण चांगला अभिनय नायिकेची भूमिका करणारी अभिनेत्रीही करीत असते.

खुलताबादेत एका रविवारच्या संपर्कसत्रात मी हाच प्रश्न विचारला होता. एक अंगणवाडी सेविका म्हणाली, “मॅडम, तो माणूस वाईटच आहे. पण तो कुणाला विचारत बसत नाही.” त्या दिवशी वर्गात येऊन बसण्यासाठी तिला घरातल्या तीन माणसांची परवानगी घ्यावी लागली होती. तिचे उत्तर मला व्याकरणाकडे घेऊन गेले.

मालिकेतल्या सोशिक सुनेची वाक्ये आठवून पाहा. ती ज्या प्रकारची वाक्ये बोलते, ती अशी असतात : ‘मला हे सहन करावे लागते’, ‘मला जाता येणार नाही’, ‘माझ्या नशिबात हेच होते’. यांतील ‘मला’ चतुर्थी विभक्तीत आहे. तेथे ‘तुला’ घाला, ‘आम्हाला’ घाला; ‘लागते’ हे क्रियापद बदलत नाही. सोसणारी व्यक्ती वाक्यात असते, पण क्रियापद तिच्या आज्ञेत नसते. आता खलनायकाच्या वाक्यांची घडण पाहा : ‘मी बघून घेईन’, ‘मी हे लग्न मोडीन’, ‘मी ठरवीन तेच होईल’. येथे ‘मी’ प्रथमेत आहे, प्रयोग कर्तरी आहे आणि क्रियापद कर्त्याच्या मागे चालते. ‘मी मोडीन’, ‘तू मोडशील’, ‘ते मोडतील’ : कर्ता बदलला की क्रियापदाला बदलावेच लागते.

दैनंदिन मालिकेच्या रचनेमुळे हा फरक अधिक ठळक होतो. सज्जनांना घर जसे आहे तसे टिकवायचे असते. खलनायकाला ते बदलायचे असते. उद्याचा भाग घडावा यासाठी आज कोणीतरी काहीतरी करावे लागते, आणि बहुतेक वेळा ते काम खलनायकाकडे येते. कथेतला कर्ता तोच असतो. ज्यांचे आयुष्य ‘करावे लागते’ या क्रियापदात जाते, त्यांना दिवसाकाठी अर्धा तास ‘करीन’ म्हणणाऱ्या माणसाचे बोलणे ऐकावेसे वाटले, तर त्यात नवल नाही.

‘रात्रीस खेळ चाले’ हे याचे ठळक उदाहरण आहे. 2016 मधील पहिल्या पर्वाचा आरंभच अण्णा नाईकांच्या मृत्यूने होतो. 2019 मधील दुसरे पर्व काळाच्या मागे गेले आणि तेच अण्णा हयातीतील जरबेसह समोर आले. 2021 मधील तिसऱ्या पर्वात मरणानंतरही त्यांचा वावर संपला नाही. माधव अभ्यंकरांनी रंगविलेला हा जुलमी, लंपट घरधनी मालवणी बोलतो आणि वाड्यातील सगळ्यांची वाक्ये त्याच्या एका वाक्यापाशी थांबतात. प्रमाण मराठीत नीतिपाठ देणाऱ्या पात्रांच्या गर्दीत बोलीची धार असलेले ते बोलणे लक्षात राहिले.

मग आपण पापाचे चाहते आहोत काय? मला तसे वाटत नाही, आणि याचा पुरावा आमच्या खुलताबादेतच आहे. वसंत कानेटकरांच्या ‘इथे ओशाळला मृत्यू’ या नाटकात प्रभाकर पणशीकरांनी औरंगजेब साकारला. 1689 मधील संभाजी महाराजांची हत्या ज्यांना आजही वेदना देते, त्याच प्रेक्षकांनी त्या भूमिकेला दाद दिली. 2017 ते 2020 या काळातील ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ मालिकेने हे पात्र पुन्हा घराघरांत आणले. खुद्द औरंगजेब 1681-82 मध्ये दख्खनेत उतरला. तो दिल्लीला परतू शकला नाही. 1707 मध्ये अहमदनगर येथे मरण पावला आणि खुलताबादेत जैनुद्दीन शिराजी यांच्या दर्ग्याच्या आवारात त्याचे दफन झाले. वेरूळची लेणी पाहून इकडे वळलेल्या माणसांना मी ती कबर पाहताना पाहिले आहे. मनात पडद्यावरचा दरबार असतो आणि समोर असते आकाशाखालची साधी कबर. तिच्याभोवतीची संगमरवरी जाळीही नंतरच्या काळातली. बहुतेक जण दोन-चार मिनिटांत परत फिरतात. त्यांना खिळवून ठेवणारी वाक्ये नाटकाच्या आणि मालिकेच्या लेखकांनी लिहिली होती. कबरीपाशी ती नाहीत. आपल्याला ओढ असते ती कथेतल्या त्या जागेची, तिथल्या बोलण्याची. तेथे बसलेल्या माणसाची कृत्ये आपल्याला मान्य असतात असे नाही.

तरीही निश्चिंत होऊ नये. पणशीकरांचीच दुसरी भूमिका याचे कारण सांगते. आचार्य अत्रे यांच्या 1962 मधील ‘तो मी नव्हेच’ या नाटकात निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे नावे आणि वेष बदलून स्त्रियांना फसवतो आणि न्यायालयात सगळेच नाकारतो. या नाटकाचे शीर्षक व्याकरणाच्या दृष्टीने तपासा. ‘मी ते केले नाही’ असे म्हणणारा कृत्य नाकारतो. ‘तो मी नव्हे’ असे म्हणणारा कर्ताच नाकारतो, आणि शेवटचा ‘च’ त्या नकाराला कुलूप घालतो. खलनायकाचे खरे व्याकरण येथे पूर्ण होते. मिळवायचे असते तेव्हा तो ‘मी करीन’ म्हणतो. जाब द्यायची वेळ आली की ‘तो मी नव्हेच’ म्हणतो. सोसणाऱ्या पात्राचे नेमके उलटे असते. कृती करताना तिच्या वाक्यात ‘मी’ नसतो. दोष घेताना मात्र ‘माझेच चुकले’ असे ती चटकन म्हणते.

कर्ता असा निसटतो तेव्हा त्याने ज्यांचे नुकसान केले तेही वाक्यातून गळतात. ‘देवमाणूस’ ही मालिका 2020 मध्ये सुरू झाली. त्यातला गावाचा विश्वास कमावून खून करणारा डॉक्टर आणि ती भूमिका करणारे किरण गायकवाड अनेकांना आठवतात. त्याने मारलेल्या किती पात्रांची नावे तुम्हाला आठवतात? याउलट जब्बार पटेल दिग्दर्शित आणि विजय तेंडुलकर लिखित ‘सामना’ पाहा. निळू फुल्यांचा हिंदुराव तितकाच खिळवून ठेवतो. पण श्रीराम लागूंचा मास्तर नाहीशा झालेल्या मारुती कांबळेविषयी विचारणे सोडत नाही. मारुती कांबळे कथेच्या केंद्रस्थानी राहतो आणि हिंदुरावाला जाब चुकवता येत नाही. खलनायक आकर्षक असणे हा कलाकृतीचा दोष नव्हे. त्याच्या आकर्षणात बळीचे नाव पुसले गेले, तर तो दोष आहे.

म्हणून मालिका बंद करा, असे मी सांगणार नाही. एक स्वाध्याय मात्र देते. आवडत्या मालिकेचा एक भाग वही घेऊन पाहा. नायिकेची दहा आणि खलनायकाची दहा वाक्ये लिहा, प्रत्येकातील कर्ता आणि त्याची विभक्ती ओळखा. त्याखाली त्या भागात ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांची नावे लिहा. मग स्वतःच्या दिवसभरातील दहा वाक्ये लिहून त्यांतही हेच तपासा. ‘मला शिकता आले नाही’ या वाक्यापासून ‘मी शिकते’ किंवा ‘मी शिकतो’ या वाक्यापर्यंत तुम्ही या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला त्या दिवशीच आला आहात. ते क्रियापद खलनायकाकडून उसने घेण्याची तुम्हाला गरज नाही. आणि जाब देण्याची वेळ आली, तर त्या वाक्यातला ‘मी’ही जागेवर ठेवा.