पाऊण तासाची शिदोरी

आमच्या जालन्याला मोसंबीच्या बागा आहेत, बियाण्यांच्या कंपन्या आहेत, लोखंडाच्या भट्ट्या आहेत. ‘जालना सोने का पालना’ ही म्हणही अजून कोणी ना कोणी ऐकवतो. प्रवासी विमान मात्र इथे उतरत नाही. विमान गाठायचे तर बदनापूरवरून चिकलठाण्याला जायचे. रस्त्याला तास-सव्वा तास लागतो, वाटेत चहाला थांबले की अधिक. तिथून मुंबईपर्यंतचे उड्डाण पाऊण तासाचे! म्हणजे विमानापर्यंत पोचायलाच विमानाहून अधिक वेळ लागतो.

आम्ही प्रथम विमानात बसलो ते गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात, कचेरीच्या कामासाठी आणि अर्थात कचेरीच्या खर्चाने. तोवर मुंबईचा प्रवास म्हणजे आमच्या पिढीला मनमाड ठाऊक. इकडची गाडी अरुंद रुळांची, तिकडची रुंद. सामान डोक्यावर घेऊन मनमाडला गाडी बदलायची, आणि बाकावर बसून घरची शिदोरी सोडायची. विमानात बसलो तेव्हा हे सारे मागे पडल्यासारखे वाटले. आत शिरताच एका तरुणीने तबक पुढे केले. त्यात गोळ्या होत्या आणि कानात घालायला कापूस. विमान वर स्थिरावले न स्थिरावले तोच कागदी खोके मांडीवर आले. त्यात सँडविच होते, एक थंड कटलेट, केकचा तुकडा, आणि मागाहून चहा. खोटे कशाला बोलावे, आम्हाला भूक मुळीच नव्हती. तरीही आम्ही सारे खाल्ले आणि तबकातल्या चार गोळ्या खिशात टाकल्या.

त्या गोळ्या घरी आल्यावर आईच्या हाती दिल्या. तिने त्या डब्यात ठेवल्या आणि पुढचे कित्येक दिवस गल्लीतल्या पोरांना ‘इमानातली गोळी’ म्हणून दाखवल्या. तिने आम्हाला दोनच प्रश्न विचारले होते.

“जेवाय काय दिलं?”

आम्ही सांगितले.

“आन् पैसे?”

“पैसे घेत नाहीत आई.”

“मंग चांगले लोक हायेत,” ती म्हणाली, आणि विमान या विषयावर तिचे मत कायमचे ठरून गेले.

पैसे घेत नाहीत, हे आमचे विधान अर्थातच खरे नव्हते. त्या कटलेटची किंमत तिकिटातच होती, आणि ते तिकीट आमच्यासारख्याने स्वतःच्या पगारातून काढावे असे नव्हतेच. देशातली विमाने 1953 पासून चार दशके जवळजवळ एकट्या इंडियन एअरलाइन्सच्या हाती होती. 1994 मध्ये तो मक्ता कायद्याने संपला. मग 2003 मध्ये एअर डेक्कन आली आणि तिने उलटा हिशेब मांडला: खाणे काढा, तिकीट स्वस्त करा, ज्याला हवे त्याने विकत घ्यावे. पुढे बहुतेकांनी तोच कित्ता गिरवला. या बदलाविषयी नाके मुरडणारे पुष्कळ भेटतात. आम्ही त्यांत नाही. खोके गेले म्हणून तर आमच्या आईला विमानात बसवणे आम्हाला परवडले.

शिवाय विकत घेण्याची रीत काही नवी नाही. विमानातले पहिले खाणे मिळाले ते 11 ऑक्टोबर 1919 रोजी, हँडले पेज कंपनीच्या लंडन–पॅरिस विमानात, म्हणजे तसे जवळच्याच प्रवासात. आणि त्या डब्याला तीन शिलिंग मोजावे लागत. फुकट देण्याची चाल नंतरची, कंपन्यांच्या चढाओढीतून आलेली. ही चढाओढ इतकी वाढली की 1958 च्या सुमारास स्वस्त वर्गाच्या उतारूंना केवळ साधे सँडविच द्यावे असा आंतरराष्ट्रीय नियम झाला. तरी एका स्कँडिनेव्हियन कंपनीने पावावर मासे-मांस रचून भरपेट पाहुणचार चालवला, म्हणून तिला वीस हजार डॉलरचा दंड झाला. पाहुण्याला जास्त वाढल्याबद्दल दंड! आमच्याकडे पंगतीत आग्रह करणाऱ्या काकूंना हे ऐकवले, तर त्यांचा विश्वास बसणार नाही.

खरी अडचण वेळेची असते. पाऊण तासातला पहिला दहा-बारा मिनिटांचा काळ चढण्यात जातो, शेवटची पंधरा-वीस मिनिटे उतरण्यात. तेव्हा पट्टे बांधलेले असतात आणि गाडा फिरवता येत नाही. मधल्या वीसेक मिनिटांत चार माणसांनी दीडशे-पावणेदोनशे उतारूंपर्यंत जायचे, द्यायचे, पैसे घ्यायचे आणि उष्टे परत गोळा करायचे. मग गरम काय मिळणार? चहाचेही तसेच. विमानाच्या आत हवेचा दाब सहा-आठ हजार फुटांच्या डोंगरावर असतो तितकाच कधी कधी असतो. आठ हजार फुटांवर पाणी ब्याण्णव अंशांनाच उकळते. त्यात चहापत्ती उतरत नाही आणि हवा कोरडी असल्याने जिभेलाही चव कमी कळते. म्हणून विमानातला चहा फिका लागतो. तो करणाऱ्याचा दोष नव्हे. करोनाच्या काळात तर सरकारनेच एप्रिल 2021 मध्ये दोन तासांच्या आतल्या उड्डाणांत खाणे देण्यास बंदी घातली होती. ती नोव्हेंबरात उठली. दोन तास माणूस खाल्ल्यावाचून राहू शकतो, असा त्यामागचा सरळ हिशेब. आमचाही हिशेब तोच होता.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो, ते सांगतो.

2023 च्या जुलै महिन्यात वसईला आमच्या नातवाचा बाप्तिस्मा होता. घरची मंडळी रेल्वेने आधीच पुढे गेली. आईचे गुडघे धरलेले, वय अठ्ठ्याहत्तर. रात्रभर गाडीत बसवणे नको, म्हणून आम्ही तिला विमानाने न्यायचे ठरवले. आईने आदल्या रात्री दुधातल्या दशम्या केल्या आणि पांढऱ्या फडक्यात बांधल्या. चिकलठाण्याला सामान द्यायच्या खिडकीपाशी आम्ही ती शिदोरी तिच्या हातातून घेतली आणि मोठ्या बॅगेत कोंबली. बॅग पट्ट्यावरून विमानाच्या पोटात गेली. घरचे कोरडे खाणे सोबत नेता येते हे आम्हाला ठाऊक होते. पण आजूबाजूचे लोक चाकांच्या चकचकीत पेट्या ओढीत चालले होते, आणि आमच्या मांडीवर गाठोडे! आम्हाला लाज वाटली, एवढेच.

विमान साडेसहाचे. मुंबईत पाऊस कोसळत होता, म्हणून तिकडून येणारे विमानच आले नाही. दोन तास वा अधिक उशीर झाला तर अशा उड्डाणाच्या उतारूंना कंपनीने अल्पोपाहार द्यावा असा नियम आहे. आमचा उशीर पावणेदोन तासांतच आटोपला. सात वाजता आईने पिशवीतली पुडी काढली आणि साखरेची गोळी पाण्याबरोबर घेतली. गोळी घ्यायची आणि अर्ध्या तासात जेवायचे, ही तिची नेहमीची शिस्त. आम्ही पाहिले आणि आमच्या डोक्यात काहीच आले नाही. आम्ही फलकावर विमानाची वेळ पाहत होतो.

विमान सव्वाआठला उडाले. गाडा येताना दिसला तशी आई सावरून बसली. पदर नीट केला. पुढचे फळकूट कसे उघडायचे हे तिने शेजारच्या तरुणाचे पाहून हेरले होते. तिने ते उघडले. मुलीने विचारले, काय हवे? आम्ही म्हणालो, काही नको, पाणी द्या. आई आमच्याकडे पाहू लागली.

“केवढ्याला?” तिने हळूच विचारले.

आम्ही आकडा सांगितला. दोनशेच्या आसपास होता.

“आगं बया! एवढ्यात पायलीभर ज्वारी यील. नगं.” तिने फळकूट मिटले.

वाचकहो, तिने ‘नगं’ म्हटल्यावर आम्हाला बरे वाटले होते. हे आम्ही घरातही कुणाला सांगितलेले नाही. पाऊण तासाचा तर प्रश्न, उतरून काहीतरी खाऊ, असे आम्ही तिला म्हणालो. आणि वर असेही म्हणालो की इथले थंडगार खाणे तुला आवडणारच नाही.

मुंबईवर आलो आणि विमान उतरेना. पावसामुळे घिरट्या सुरू झाल्या. पट्टे बांधा, असा दिवा लागला. गाडे आत गेले. बाहेर काळे ढग आणि मधूनच विजेचा उजेड. पंधरा मिनिटे गेली, पंचवीस गेली. आई गप्प होती. तिला भीती वाटत असेल असे समजून आम्ही तिचा हात धरला, तर तो बर्फासारखा गार आणि घामाने ओला. कपाळावर घाम. काहीतरी बोलली ते जड जिभेचे. त्या क्षणी आम्हाला सातची गोळी आठवली. शिदोरी आमच्या पायाखाली, विमानाच्या पोटात होती.

आम्ही वरचे बटण दाबले, आणि एकदा दाबून धीर धरवेना म्हणून दाबतच राहिलो. तीच मुलगी आली, आसनांच्या पाठी धरत धरत. तिने एकदाच आईकडे पाहिले. मोडक्या मराठीत विचारले, “आजींना शुगर आहे?” आम्ही मान हलवली. ती वळली आणि फळांच्या रसाचा डबा घेऊन आली. आईच्या मानेखाली हात घालून घोट घोट पाजला. मग बिस्किटे आणली. पुढच्या दारापाशी आपल्या जागी जाऊन बसली तरी तिची नजर आमच्याकडे होती. पहिली विमान-परिचारिका एलन चर्च ही शिकलेली नर्स होती, आणि 1930 मध्ये तिच्याबरोबर नेमलेल्या साऱ्या मुली नर्सच होत्या, हे आम्ही कधीतरी वाचले होते. तेव्हा त्यात काही विशेष वाटले नव्हते.

दहा-पंधरा मिनिटांत आईच्या डोळ्यांत ओळख आली. तिने पहिले वाक्य बोलले ते असे:

“तूच म्हणला व्हतास न्हवं, इमानात खायाला देतात म्हून?”

तिच्या स्वरात तक्रार नव्हती. तीस वर्षांपूर्वीचे आमचे बोलणे तिने जसेच्या तसे ठेवले होते, त्या चार गोळ्यांसारखे, आणि त्यावर भिस्त ठेवून सातची गोळी घेतली होती. आम्ही काय उत्तर देणार! उतरताना आम्ही त्या मुलीपुढे पैसे धरले. तिने हात जोडले आणि आईला म्हणाली, “आजी, पर्समध्ये खडीसाखर ठेवा.” त्या डब्याचा हिशेब तिने कुठे लावला कोण जाणे.

बाप्तिस्मा यथासांग झाला. आईने वसईतल्या विहिणींना विमानाची गोष्ट सांगितली. त्यात घाम नव्हता, घिरट्या नव्हत्या. एका पोरीने तिला हाताने रस पाजला आणि पैसा घेतला नाही, एवढेच होते. आम्ही शेजारीच बसलो होतो. आमचा भाग तिने सगळा गाळला.

(त्याच वर्षाच्या अखेरीस, 30 डिसेंबरला, जालना–मुंबई वंदे भारत गाडी सुरू झाली, पुढे ती नांदेडपर्यंत वाढवली गेली. तिच्यात जागेवर खाणे येते आणि त्याचे पैसे तिकिटातच घेतात, नको असेल तर आधी नाही म्हणता येते. विमानातून उतरलेले तबक आता रुळांवर चढले म्हणायचे. पण त्या जुलैत ती सोय नव्हती आणि परतीचे तिकीट विमानाचेच होते.)

परतताना दशम्या आईच्या मांडीवर होत्या. आमच्या सुनेच्या आईने करून दिलेल्या, थोड्या जाड. ठेचा तपासणीत अडवतील या भीतीने मागे ठेवला, त्याबद्दल आईने आम्हाला ऐकवले. पिशवीत खडीसाखर होती. पट्टे सोडायचा दिवा होताच तिने फळकूट उघडले, फडके सोडले आणि आधी शेजारच्या गृहस्थांना दशमी पुढे केली. ते नको म्हणाले, मग घेतली, मग अर्धी आणखी घेतली. आम्हीही खाल्ली. पलीकडच्या रांगेतले कोणी वळून पाहत होते; पाहू दे म्हटले.

गाडा आमच्यापाशी आला तेव्हा आईने एक दशमी दुमडून मुलीच्या हातावर ठेवली. “त्या दिशी लई केलंस माय,” असे म्हणाली. मुलगी गोंधळली. तिने आमच्याकडे पाहिले. ती ती नव्हती. उंचीही वेगळी, चेहराही वेगळा. आम्ही आईला काही सांगितले नाही. मुलीने कागदी रुमाल काढला, दशमी त्यात गुंडाळली, गाड्याच्या वरच्या खणात ठेवली आणि पुढच्या रांगेकडे सरकली.