दर दोन तासांनी कूस

बेडसोरचा विषय कुठल्याही वॉर्डात काढा, पहिलं उत्तर ठरलेलं: दर दोन तासांनी पोझिशन बदलायची. फर्स्ट इयरच्या मुलीला ते पाठ असतं, वॉर्डातल्या मावशींनाही. पण दोनच तास का? दीड का नाही, चार का नाही? नर्सिंग रिसर्च शिकवताना मी व्याख्या नंतर सांगते, हा प्रश्न आधी फळ्यावर लिहिते.

*

फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५९ च्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये बजावलं होतं, की रुग्णाला बेडसोर झाला तर दोष बहुधा आजाराचा नसतो, शुश्रूषेचा असतो. क्रिमियाच्या युद्धाहून परतल्यावर संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या मदतीने त्यांनी सैनिकांच्या मृत्यूंचे आकडे कारणांनुसार मांडले. जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनीच जास्त माणसं नेली, हे त्यांनी रंगीत आकृत्यांतून सरकारला दाखवलं. लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने १८५८ मध्ये निवडलेल्या त्या पहिल्या स्त्री सदस्य. त्यांच्या जन्मदिनी, १२ मे रोजी, आमच्याकडे हातात दिवे घेऊन शपथ होते. त्या दिवशी मुलींना ती आकृतीही दाखवावी, असं मला फार वाटतं.

*

डोरीन नॉर्टन या ब्रिटिश परिचारिकेचं नाव आपल्याकडे फक्त एका स्केलपुरतं उरलं आहे. पाच गोष्टी बघायच्या: शरीराची अवस्था, मनाची अवस्था, चालणं-फिरणं, अंथरुणातली हालचाल, लघवी-शौचावरचा ताबा. प्रत्येकीला १ ते ४ गुण, आणि २० पैकी १४ किंवा त्याहून कमी आले की बेडसोरचा धोका. पण स्केलच्या मागचं काम त्याहून मोठं आहे. तेव्हा कातडीला काय काय चोळत असत! स्पिरिट, मलमं, तेलं. जखम झाल्यावर कुठे अंड्याचा पांढरा भाग लावून वरून ऑक्सिजन सोडत. मॅकलारेन आणि एक्स्टन-स्मिथ यांच्यासह नॉर्टनबाईंनी वृद्धांच्या वॉर्डात हे तपासलं आणि १९६२ मध्ये प्रसिद्ध केलं. लेपांपेक्षा माणसाला वेळच्या वेळी वळवून दाब काढण्याचा उपयोग होतो, असं त्यातून पुढे आलं. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली गोष्ट एका नर्सने मोजून बघितली, याचं मला आजही अप्रूप आहे.

*

तरीही बॅक केअरच्या ट्रेमध्ये स्पिरिट आणि पावडर अजून दिसतात. स्पिरिटने कातडी कोरडी पडते. माकडहाडापाशी लाली आली असेल तर आतल्या बारीक रक्तवाहिन्या आधीच चेपलेल्या असतात, तिथे चोळलं की इजा वाढते. लाल जागा चोळू नका, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना कधीपासून सांगत आहेत.

तसंच ग्लोव्हचं. हातमोज्यात पाणी भरायचं, गाठ मारायची आणि टाचेखाली सरकवायचा. करणारीची माया त्यात असते, पण ग्लोव्ह घरंगळतो आणि टाच पुन्हा गादीवर येते. शिवाय टाच त्याच्यावर टेकते तेव्हाही दाब तिथेच राहतो. त्यापेक्षा पोटरीखाली लांबवर उशी द्यावी, गुडघा किंचित वाकलेला ठेवावा आणि टाच अधांतरी राहू द्यावी. टाच आणि गादी यांच्यामधून आपला तळहात सहज गेला पाहिजे. याला खर्च शून्य.

*

पुन्हा दोन तासांकडे. २०१३ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या वृद्धांच्या २७ शुश्रूषागृहांतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मुख्य संशोधक नॅन्सी बर्गस्ट्रॉम. बेडसोरचा धोका मोजणारं ब्रेडन स्केल करणाऱ्या दोघींपैकी एक. ९४२ जणांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं तीन गटांत वाटलं आणि तीन आठवडे कुणाची कूस दर दोन, कुणाची तीन, कुणाची चार तासांनी बदलली. जखमा एकूण सुमारे २ टक्के लोकांना झाल्या आणि गटागटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही.

वर्गात हे सांगितलं की मुलींचे चेहरे खुलतात. म्हणजे चार तासांनी वळवलं तरी चालेल!

थांबा. गादी कुठली होती?

*

ती सगळी माणसं दाट फोमच्या, दाब पसरवणाऱ्या गाद्यांवर होती. शिवाय प्रत्येक वेळी वळवल्याची आणि कातडी बघितल्याची नोंद होत होती. आपल्या जनरल वॉर्डातली गादी डोळ्यांपुढे आणा: कापूस मध्ये दबून खोलगट झालेला, वर रेक्झिन, त्यावर रबरी मॅकिंटॉश, वर चुरगळलेली चादर. मे महिन्यात पंखा बंद पडला की पाठ घामाने भिजलेली. तिथले चार तास इथे आणता येत नाहीत. अभ्यासाचा निष्कर्ष वाचताना तो कुणावर, कशावर झोपवून, किती माणसांच्या मदतीने निघाला, हे शोधावं लागतं. मी मुलींना पेपरचा गोषवारा वाचून थांबू देत नाही. ‘पद्धत’ हा भाग उघडायला लावते आणि गादी शोधायला सांगते.

*

पुराव्यावर आधारित उपचारांबद्दल डॉक्टर डेव्हिड सॅकेट आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये मांडलं ते अजून पुरतं: संशोधनाचा पुरावा, आपला अनुभव आणि रुग्णाची इच्छा, तिन्ही मिळून निर्णय. तिसरी गोष्ट आपण पटकन विसरतो. शेवटच्या दिवसांत असलेल्या आजोबांना डाव्या कुशीवर दम लागतो, ते हात हलवून नको म्हणतात. त्या रात्री चार्टमधला रकाना भरण्यापेक्षा त्यांचं ऐकणं हीच चांगली नर्सिंग.

*

पुस्तकात बेडसोरच्या पहिल्या अवस्थेची खूण म्हणजे दाबल्यावर पांढरी न पडणारी लाली. सावळ्या कातडीवर ती लाली दिसेलच असं नाही. हाताच्या पाठीने ऊब तपासायची, जागा कडक की पिलपिली ते बघायचं, आजूबाजूच्या रंगाशी ताडून बघायचं, दुखतं का विचारायचं. आपल्या बहुतेक रुग्णांना लागू पडणारी ही गोष्ट पुस्तकात पुरवणीसारखी येते, याचा मला राग येतो.

*

एम.एस्सी.च्या प्रबंधांत एक साचा पुन्हा पुन्हा भेटतो. प्रश्नावली द्यायची, तासभर शिकवायचं, तीच प्रश्नावली पुन्हा द्यायची, गुण वाढले की ‘परिणामकारक’. शिकवल्यावर गुण वाढतातच. कातडीचं काय झालं ते मोजलं का?

प्रश्न खाटेपासून निघावा. आपल्याकडे रात्री रुग्णाला वळवतं कोण? पुष्कळदा मुलगा, सून, बायको. मग विचारू या: अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या नातेवाइकाला प्रत्यक्ष हाताला धरून वळवायला शिकवलं, तर नेहमीच्या काळजीपेक्षा दोन आठवड्यांत नव्या जखमा कमी होतात का? कोण रुग्ण, काय करणार, कशाशी तुलना, काय मोजणार, हे चारही त्यात आले. तुलनेच्या गटाची नेहमीची काळजी जराही कमी होता कामा नये, आणि पाठ तपासणारीला गट माहीत नसावा.

‘नव्या जखमा’ हे शब्द महत्त्वाचे. एका दिवशी वॉर्डात किती बेडसोर आहेत, हे मोजणं वेगळं. इथे आल्यावर किती झाले, हे वेगळं. घरूनच जखम घेऊन आलेला रुग्ण दुसऱ्या आकड्यात धरायचा नाही. त्यासाठी भरतीच्या वेळीच पाठ, कंबर, टाचा, कोपर, डोक्याची मागची बाजू बघून लिहायला हवं. नातेवाईक पाळीपाळीने बदलतात, तेव्हा शिकवलेला माणूस आणि रात्री थांबलेला माणूस एकच आहे का, हेही रोज लिहायला हवं. पहाटे दोन ते पाचची नोंद कोण ठेवणार, हे तर आधीच ठरवायला हवं.