पाटी गेली, गाळा शाबूत!

आईच्या भाजणी-मसाल्यांची वेबसाइट मीच सुरू करून दिलेली. त्यामुळे दिवाळीच्या तोंडावर फोनही मलाच. 'अगं, दुकान उघडतच नाहीये!'

होस्टिंगचे पैसे तर भरले होते. मग ट्यूब पेटली. डोमेनची मुदत कधीच संपली होती आणि रिन्यूअलचे मेल जात होते माझ्या जुन्या ऑफिसच्या आयडीवर. (नोकरी सोडताना काय काय सुटतं!) पितृपंधरवड्यात ऑर्डरी नसतातच, म्हणून कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आईला सांगितलं, होस्टिंग म्हणजे गाळा, डोमेन म्हणजे पाटी. माल सुखरूप आहे, पत्ता पुसला गेलाय.

'पण पाटी आपण विकत घेतलेली ना?'

नाही. डॉट कॉम नाव मिळतं ते भाड्याने, एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी. रद्द झालं की सोडवायला ३० दिवस, तेही दंडासकट. त्यानंतर आणखी ५ दिवस, की कुणीही उचलावं!

आमचा एकविसावा दिवस होता. दंडाची रक्कम बघून पोटात गोळा आला, पण भरली. ओटीपी टाकेपर्यंत आई शेजारून हलली नाही.

'आता तिथे माझा मेल आयडी घाल,' ती म्हणाली.