खिडकी क्रमांक तीन

उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवायला लागून मला दहा वर्षे होऊन गेली. दहावीच्या बोर्डाचे फॉर्म भरायचे दिवस आले की स्टाफरूममध्ये माझी थट्टा सुरू होते. ‘आपांना पुन्हा नावांचं भूत लागलं!’ मी हसते. पण प्रत्येक मुलीच्या आई-वडिलांना बोलावून, नावातले एकेक अक्षर वाचून दाखवून सही घेतल्याशिवाय मी फॉर्म पुढे पाठवत नाही. हे भूत मला कुठे लागले, ते आज सांगायचे आहे.

2010 साली मी एम.ए.साठी विद्यापीठात गेले. अब्बा यंत्रमागावर कामाला. माग चालला तर पगार, वीज गेली तर नाही. होस्टेलची फी त्यांनी कशीबशी भरली, मेसचा प्रश्न उरला. म्हणून ‘कमवा आणि शिका’ योजनेत नाव घातले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि 1947 मध्ये साताऱ्याला कॉलेज सुरू केले, तेव्हा तिथली मुले कष्टाची कामे करून शिकत. माझ्या वाट्याला खुर्ची आली. चौकशीची खिडकी क्रमांक तीन. रोज तीन तास, तासाच्या हिशेबाने पैसे.

पहिल्या वर्षी मी फक्त उत्तरे देत होते. मायग्रेशन कुठे मिळेल, फेरमूल्यांकनाची मुदत कधी, चलन कोणत्या बँकेत भरायचे. दुसऱ्या वर्षी खिडकीची सगळी जबाबदारीच माझ्याकडे आली. आम्ही चार विद्यार्थी होतो. कोणी कधी बसायचे ते ठरवणे, रांगेला नंबराच्या चिठ्ठ्या देणे, आलेले अर्ज आवक रजिस्टरला चढवून आत पाठवणे, संध्याकाळी शिक्का कुलपात ठेवणे. गावी अम्मी शेजारणींना सांगायची, ‘हमारी बेटी युनिव्हर्सिटी में अफसर है.’

त्या खिडकीतून मला आमच्या समाजाचा एक वेगळाच आजार दिसला. नावांचा. फॉर्मवर तीन रकाने असत : आडनाव, नाव, वडिलांचे नाव. मराठवाड्यातली मुलगी स्वतःचे नाव सांगते, ‘शेख सुलताना शेख रहीम’. हे चार शब्द तीन रकान्यांत कसे बसवायचे? शाळेत एका गुरुजींनी एक केले, कॉलेजच्या क्लार्कने दुसरे, संगणकाने तिसरे. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक मुलगी, पदवीवर दुसरी! शाळेत असेपर्यंत जनरल रजिस्टरमधली चूक दुरुस्त करून घेता येते. शाळा सुटली की तेच काम फार अवघड होऊन बसते. मग प्रतिज्ञापत्र, राजपत्र, पुन्हा चलन, पुन्हा खेपा.

एका दुपारी एक वृद्ध गृहस्थ आले. डोक्यावर टोपी, हातात कापडी पिशवी. रात्रभर एसटीत बसून आले होते. मुलीला बी.एड.ला नंबर लागला होता, दुसऱ्या दिवशी कागदपत्रांची तपासणी होती आणि पदवीवर तिच्या नावाच्या जागी वडिलांचे नाव छापले होते. माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर त्यांनी माझे नाव वाचले आणि त्यांचा चेहरा उजळला. ‘बेटी, अपनी जबान में बता ना, क्या क्या लाना पड़ता?’

मी मराठीत उत्तर दिले. ‘अर्ज करा, चलन भरा, प्रतिज्ञापत्र जोडा. आठ दिवसांनी या.’

असे का केले? आठवड्यापूर्वी मी एका बाईंना दहा मिनिटे दख्खनीत समजावून सांगत होते. तेव्हा आतले एक क्लार्क हसत म्हणाले होते, ‘ही तर तुमच्याच माणसांची खिडकी झाली.’ त्यांना ते आठवतही नसेल. माझ्या मात्र मनात रुतून बसले. आपण सगळ्यांना सारखे वागवतो, हे दाखवायच्या नादात आपल्याच माणसाशी परक्यासारखी वागले. त्यांनी दोनदा माझ्याकडे पाहिले, कागद पिशवीत घातले आणि गेले.

संध्याकाळी रजिस्टर बंद करताना हात थांबला. अशा घाईच्या वेळी ‘दुरुस्ती सुरू आहे’ असे पत्र साहेब त्याच दिवशी देत असत. मला ते माहीत होते. फक्त उठून आत जायला हवे होते. मी रिक्षा करून एसटी स्टँडवर गेले. प्रत्येक फलाट पाहिला. ते दिसले नाहीत. अर्जच घेतला नव्हता, त्यामुळे पत्ता नाही, फोन नाही. त्या मुलीचे बी.एड. झाले की नाही, हे मला आजही ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच क्लार्कना मी सगळे सांगितले, त्यांचे ते वाक्यसुद्धा. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘अगं, मला उठवायचं होतंस.’ त्या आठवड्यात आम्ही दोघांनी मिळून नमुना अर्ज तयार केला, लागणाऱ्या कागदांची यादी मोठ्या अक्षरात लिहिली आणि खिडकीशेजारी लावली. मराठीत त्यांनी लिहिली, उर्दूत मी. डिंकाची बाटली तेच घेऊन आले होते.

आपण तक्रार करतो की कचेरीत आपले कोणी ऐकत नाही. ती खोटी नाही. पण खिडकीच्या आत आपलाच माणूस बसला म्हणून ऐकले जातेच असे नाही, हे मी स्वतःवरून शिकले. आणि बाहेरच्या माणसाला आत शत्रूच बसलाय असे वाटते, तेही दर वेळी खरे नसते.

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीचे अब्बा फॉर्मवर सही करायला आले. कामाचा खाडा करून आले होते, म्हणून वैतागलेले. म्हणाले, ‘आपा, एक हरफ से क्या होता?’

मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले आणि त्यांच्याच बोलीत सांगायला बसले.