कम्पायलर रुसला तेव्हा

मास कॉम केलेल्या मुलीने कम्पायलरच्या वाटेला जाऊ नये, असं माझा आयटीवाला धाकटा भाऊ म्हणतो. पण इलाज नव्हता. आजोबांनी आयुष्यभर जपलेल्या वर्तमानपत्रांच्या कात्रणांचे फोटो माझ्या डेस्कटॉपवर होते आणि त्यावरचा लेख सोमवारी द्यायचा होता. छापील देवनागरी ओळखून तिचा मजकूर करून देणारं टेसरॅक्ट फुकट मिळतं. मला त्याची नवी आवृत्ती हवी होती. म्हटलं, लिनक्स आहेच, सोर्स कोडवरून बिल्ड करू. त्याला लागणारी लेप्टॉनिका लायब्ररी मुकाट्याने झाली. टेसरॅक्ट मात्र अर्ध्यावर धाडकन आपटलं. 'इंटर्नल कम्पायलर एरर : सेगमेंटेशन फॉल्ट'.

पहिला विचार काय, तर आपणच कुठेतरी माती खाल्ली. (ऑफिसात एक्सेल हँग झालं की तुम्हालाही हेच वाटतं ना?) सगळं पुसून पुन्हा सुरू केलं. या वेळी दुसऱ्याच फाइलवर आपटलं. मग तिसऱ्याच. रात्रीचे दोन, चहाचा चौथा कप आणि मी रडकुंडीला.

भावाला उठवलं.

"ताई, दर वेळी एकाच जागी मरतोय?"

"नाही रे."

"मग रॅम बघ. आणि झोपू दे."

फंडा असा आहे. कोड चुकला तर कम्पायलर ओळ दाखवून चूक सांगतो, स्वतः मरत नाही. त्याच्यातच बग असेल तर सहसा एकाच जागी मरतो. मेमरी पुरली नाही तर लिनक्सच त्याला मारतं, स्क्रीनवर 'किल्ड' येतं. तेव्हा एका वेळी चालणारे जॉब्ज आठवरून दोनवर आणायचे. पण दर वेळी नवी जागा म्हणजे बहुधा हार्डवेअर. कम्पायलर रॅममध्ये पत्त्यांचं प्रचंड जाळं विणतो. एक बिट उलटा पडला की तो भलत्याच दारात! गाणी ऐकताना हे कळतही नाही. जीसीसी तर तीच फाइल पुन्हा करून बघतो आणि सांगतो, हा बग पुन्हा दिसत नाही, हार्डवेअरचा घोळ असावा. ती ओळ माझ्या स्क्रीनवर होती. मी वाचलीच नव्हती.

पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट लावून झोपले. सकाळी स्क्रीनभर लाल ओळी. एकेक स्टिक लावून पाहिली. चार महिन्यांपूर्वी घेतलेली सेकंडहँडच बाद निघाली. ती काढली, जॉब्ज दोनवर आणले. बिल्ड एका दमात.

आनंद तासभर टिकला. मग लक्षात आलं, कात्रणांचे फोटोसुद्धा याच रॅममधून डिस्कवर गेले होते. एकेक उघडलं. सहा फोटो अर्ध्यावर राखाडी. फोन मी केव्हाच रिकामा केला होता आणि वाळवी लागलेली कात्रणं आईने रद्दीत दिली होती.

त्या सहांत आजोबांनी स्वतः संपादकांना लिहिलेलं, छापून आलेलं पत्र आहे. मथळा दिसतो, पहिल्या दोन ओळी दिसतात. लेखात तेवढंच दिलं.